सात नावं, आठ खुर्च्या

रविवारी दुपारी तीनला सगळ्यांनी खाली यायचं, असं थोरल्याने शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं. खाली म्हणजे शिवणाच्या टेबलावर, हे वेगळं सांगायची कुणाला गरज नव्हती. या घरातलं कुठलंही मोठं बोलणं वरच्या बैठकीच्या खोलीत कधी झालेलंच नाही. धाकट्या काकांनी वाटणी मागितली ती या टेबलावर, थोरल्याचं लग्न ठरलं ते या टेबलावर, आणि धाकटीने करांचा कायदा शिकायला परगावी जावं की नाही यावर सलग तीन रविवार खटके उडाले तेही इथेच. पुस्तकबांधणीचा कारखाना खाली आणि बिऱ्हाड वर, अशा घरात वाढलेल्या माणसांना गंभीर गोष्टी खळीच्या वासाशिवाय सुचत नाहीत की काय कोण जाणे.

अण्णांचा, म्हणजे थोरल्याच्या आणि धाकटीच्या वडिलांचा, एकच दंडक होता. टेबलावर बसलं की सुई हातात घ्यायची. भांडायचं तर खुशाल भांडा, पण हात चालू ठेवून. छापलेले कागद घडी घालून फर्मे तयार केलेले असायचे, एकावर एक रचून ते पाठीकडून शिवत जायचे, आणि शिवता शिवता जे काय बोलायचं ते बोलायचं. वाटणीच्या वेळी शिवलेली पुस्तकं इतकी घट्ट झाली की ती उघडताना गिऱ्हाइकांना घाम फुटला, असं आत्या अजून सांगते. त्यात तिखटमीठ असणारच, पण आत्याच्या गोष्टीतलं तिखटमीठ काढून टाकायला कुणी धजत नसे.

धाकटी पावणेतीनलाच येऊन पोचली. तिच्या पिशवीत दोन कागद होते आणि त्या दोन कागदांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं.

पहिला कागद थोरल्याने मागितलेला. शिवणाचं स्वयंचलित यंत्र घ्यायचं त्याच्या मनात होतं, आणि ते परवडेल का हे बघायचं काम साहजिकच बहिणीवर आलं होतं. ती करसल्लागार होती आणि नऊ वर्षं कारखान्याची विवरणपत्रं तीच भरत होती. तिने हिशेब मांडला आणि उत्तर इतकं चांगलं आलं की तिने तो तीनदा तपासला. तिसऱ्या वेळी, काल सकाळी, तिला स्वतःची चूक सापडली. शिवणाच्या टेबलावर आठ बायका, असं धरून तिने पगार मोजला होता. पगारपटावर नावं सातच होती.

ती आधी चिडली, मग तिने बोटांवर मोजलं. चष्मेवाली, बडबडी, जुळ्या दोघी, शेवटच्या बसने येणारी, गाणारी, नवी. नवीला येऊन अकरा वर्षं झाली होती, पण नाव तेच राहिलं होतं. झाल्या सात. आठवी आत्या. लहानपणापासून तिने त्या टेबलाला आठ खुर्च्या पाहिल्या होत्या, म्हणून हाताने आपोआप आठ लिहिलं. आणि ज्या विवरणपत्रांवर ती नऊ वर्षं सही करत आली होती त्यांच्यात तिची आत्या कुठेच नव्हती. पगार नाही, निवृत्तिनिधी नाही, काही नाही. धाकटी सहा वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर हिची वेणी घालणारी, हिच्या दप्तराला पट्टा शिवणारी, तापात रात्रभर उशाशी बसणारी बाई कायद्याच्या लेखी या इमारतीत कधी आलीच नव्हती. धाकटीला त्या सकाळी स्वतःची इतकी लाज वाटली की चहा तसाच निवून गेला.

दुसरा कागद त्याबद्दलचा होता. तो कसा काढायचा हे तिला अजून कळलं नव्हतं.

"सगळे बसले का?" थोरला आत येत म्हणाला.

"मी केव्हाची बसलेय," आत्या म्हणाली. "तुम्हीच वाट चुकलात."

आत्या तिच्या जागी होती, खिडकीकडच्या टोकाला. अण्णा चष्मेवालीच्या खुर्चीवर टेकले, कारण तिच्यावर उशी होती आणि ऐंशी वर्षांच्या हाडांना उशी लागते. वहिनी बडबडीच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीचा गुण म्हणा की काय, तिथे बसलं की वहिनीचीही जीभ सैल सुटायची. थोरला उभाच राहिला. त्याच्या पायाशी फरशीवर खडूने एक मोठा चौकोन आखलेला होता. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस गुरुवारी येऊन माप घेऊन गेला होता.

"सुई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, मला नीट समजावून सांगायचंय."

"बसून सांग. सुई."

थोरला मुकाट्याने बसला, दोऱ्यावरून मेण फिरवलं आणि पहिला फर्मा पुढे ओढला. बाहेरच्या जगात तो मालक होता, तीन वर्षांपूर्वी अण्णांनी सगळं रीतसर त्याच्या नावावर केलं होतं. टेबलावर मात्र कुणीच मालक नसे.

त्याने सांगितलं ते सगळं खरंच होतं. गल्लीतल्या सहा कारखान्यांपैकी पाचांकडे यंत्र आलं होतं. शाळांच्या नकाशापुस्तकांचं मोठं काम यंदा आपल्याकडे आलं, पण पुढच्या वर्षी छापखानेवाला थांबणार नाही, त्याने तोंडावर सांगितलंय. हे टेबल जे नऊ दिवसांत शिवतं ते यंत्र एका दिवसात शिवेल. "आणि वर्ष संपायला अकरा दिवस राहिलेत. बाकीचं ही सांगेल."

धाकटीने पहिला कागद काढला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून तिने सांगितलं की यंत्र वापरून झिजतं म्हणून त्याच्या किमतीतला काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करू देतात, त्याला घसारा म्हणतात. एरवी ही वजावट आठ वर्षांत थोडी थोडी मिळते. पण सरकारला वाटतं की कारखान्यांनी यंत्रं घ्यावीत, म्हणून यंदापुरतं असं ठरवलंय की वर्ष संपायच्या आत यंत्र बसवून चालू केलं तर सगळीच्या सगळी किंमत एकदम वजा. कर जवळजवळ भरावाच लागणार नाही.

"थांब," आत्या म्हणाली. "म्हणजे ते अजून आलंही नाही आणि सगळं झिजलंसुद्धा?"

"कागदावर."

"मजा आहे त्याची."

अण्णा हसले. थोरल्यालाही हसू आलं, आणि क्षणभर धाकटीला वाटलं की आज सगळं असंच हसत हसत निभावेल.

"आणि बायकांचं काय?" अण्णांनी विचारलं.

"त्याचा विचार केलाय मी," थोरला म्हणाला. तो सुईकडे न बघता बोलत होता आणि टाके वाकडे पडत होते. "नवीला आणि जुळ्यांमधल्या एकीला यंत्रावर शिकवायचं. चष्मेवालीची दोनच वर्षं राहिलीत, तिला तोवर बांधणीच्या बाजूला घेऊ. बाकीच्यांना कायद्याने जे देणं लागतो त्याच्यावर दोन महिन्यांचा पगार जास्त. कुणाला वाऱ्यावर सोडत नाहीये मी."

"चौघींना सोडतोयस," अण्णा म्हणाले. रागाने नाही, नुसतं मोजून.

"अण्णा, आज चौघी. यंत्र नाही घेतलं तर दोन वर्षांनी सगळ्याजणी, आणि वर आपण."

"त्याचं खरंय," वहिनी म्हणाली. ऑर्डरी घेणं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाणं हे तिचं खातं होतं. "मला रोज फोन येतात. आज देतो, उद्या देतो करत किती दिवस काढायचे? माझं मत यंत्राच्या बाजूने आहे, आणि ते मी मोकळेपणाने सांगते."

"पण मुळात यंत्र स्वस्त का पडतंय तेही ऐका," धाकटी म्हणाली. हे तिला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "निम्मा स्वस्तपणा यंत्राचा नाहीच आहे. माणूस कामावर ठेवला की त्याच्या पगारावर आपण वेगळा कर भरतो, निवृत्तिनिधीत आपला हिस्सा भरतो, दर महिन्याला, न चुकता. यंत्रावर तसलं काही नाही, उलट त्याला वजावट. यंत्राला कायदा आहेर करतो आणि माणसावर पट्टी बसवतो. दोघांनाही सारखंच वागवलं असतं ना, तर तुझं हे टेबल इतकं महाग नसतं पडलं."

"कायदा मी नाही केला."

"तू नाही केलास. मी शिकले तो. त्याच्यावर पोट भरतेय माझं."

आत्याने आपल्यापुढची उशी हळूच वहिनीकडे सरकवली, टाचण्या-सुया खोचायची ती छोटी उशी, आणि वहिनीने काही न बोलता तिच्यातल्या दोन सुयांमध्ये दोरा ओवून ती परत सरकवली. धाकटीने ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. तिचं लक्ष पिशवीतल्या दुसऱ्या कागदाकडे होतं.

"दादा," ती म्हणाली, "शिवणाच्या टेबलावर पगारपटात किती जणी आहेत?"

"आठ," थोरला ताबडतोब म्हणाला.

अण्णांचा हात थांबला.

"सात," आत्या म्हणाली. मान वर न करता.

"आठ गं. चष्मेवाली, बडबडी..." तो मोजत गेला आणि सातव्या बोटावर अडकला. मग त्याने आत्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "असं कसं?"

"मीसुद्धा आठच लिहिलं होतं," धाकटी म्हणाली. "तुझी चूक नाही. म्हणजे तुझीही आहे, माझीही आहे. नऊ वर्षं मी सही करतेय."

तेव्हा अण्णांनी सुई खाली ठेवली. आपलाच दंडक त्यांनी मोडला, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"माझी आहे," ते म्हणाले. "लहान कारखान्यांना तेव्हा सवलत होती. नऊपर्यंत माणसं असली तर कर निम्मा. दहावं नाव लागलं की पुरा. शिवणाऱ्या सात, कापणारा एक, खळीचा एक, नऊ झाले. म्हटलं, ही काय, घरचीच आहे. हिला लागेल ते घरातून मिळतंच. पगार लिहून उगाच कर कशाला वाढवायचा."

"ती सवलत बंद होऊन बारा वर्षं झाली, अण्णा."

"हो ना," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खूप बारीक झाला होता. "सवलत बंद झाली तेव्हा हिचं नाव घालायचं कुणालाच आठवलं नाही. मलासुद्धा."

धाकटीने दुसरा कागद टेबलावर ठेवला. निवृत्तिनिधी खात्याची एक योजना होती. मालकाने आपण होऊन कबूल केलं की अमुक माणूस इतकी वर्षं आपल्याकडे नावाशिवाय राबला, तर दंड माफ. मागचा सगळा हिस्सा मात्र व्याजासकट भरायचा. मग त्या माणसाला पहिल्या दिवसापासून कामावर धरतात आणि त्याचं निवृत्तिवेतन सुरू होतं. या योजनेची मुदतही वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच होती.

थोरल्याने कागदाच्या तळाशी लिहिलेला आकडा वाचला. व्यवहारात तो तल्लख होता, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

"हे तर यंत्राचे पैसे झाले. भरायची पहिली रक्कम."

"जवळजवळ तेवढीच."

"दोन्ही नाही होणार?"

"मी खूप फिरवून बघितलं, दादा. दोन्ही नाही होणार. आणि यंत्राची पूर्ण वजावट पुढच्या वर्षी नाही मिळायची."

"म्हणजे यंत्राचा हिशेबही तूच घेऊन आलीस आणि यंत्र मोडायलाही तूच आलीस." त्याने दोरा ओढला आणि फर्म्याचा कागद टर्रकन फाटला. "मला एक सांग, आत्याला मी काय कमी करणार होतो? मी तिला उद्या घराबाहेर काढीन असं वाटतं तुला? मी?"

"तसं कोण म्हणतंय?"

"मग हा कागद काय म्हणतोय?"

"तिने प्रत्येक चप्पल, प्रत्येक औषध तुझ्याकडे मागायचं का, असं म्हणतोय. तू देशील. न मागता देशील, मला माहितेय. तरी ते तुझं असेल, तिचं नसेल."

"मला नका गं मध्ये ओढू," आत्या म्हणाली. तिने थोरल्याच्या पुढ्यातलं फाटलेलं पुस्तक आपल्याकडे घेतलं आणि त्याचा दोरा उसवायला लागली. "यंत्र घ्या. माझं काय अडलंय? वेळेवर जेवते, वेळेवर झोपते, मला काही कमी नाही. तुम्ही आहात की."

"आम्ही आहोत म्हणूनच तू सगळ्या कागदांच्या बाहेर राहिलीस, आत्या," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. रडायचं नाही असं ठरवून आली होती. ठरवलेलं काही खरं होत नाही.

आत्या दोरा उसवत होती, पण अंगठा नीट वळत नव्हता. सुईचं टोक गाठीत जाईना. वहिनीने हात पुढे करून पुस्तक घेतलं, दोन हिसक्यांत गाठ सोडवली आणि परत दिलं. आणि आता मात्र धाकटीला मघाच्या उशीचा अर्थ लागला.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"कशाला?" आत्या म्हणाली.

"दीड वर्ष," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी बायका यायच्या आधी मी खाली येते आणि वीस सुया ओवून ठेवते. दुपारी पुन्हा वीस. यांनाही सांगितलं नाही, आत्यांनी शपथ घातली होती." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणून तर मला यंत्र हवं होतं, अहो. ऑर्डरी राहू द्या बाजूला. मला वाटायचं, यंत्र आलं की आत्या आपोआप सुटतील आणि त्यांना 'आता नको' असं कुणी म्हणावं लागणार नाही. पण सुटून जातील कुठे, त्यांच्या हातात काय असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मघाशी सांगितलेलं मत परत घेते."

"असं कसं परत घेतेस?" थोरला म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. तो आत्याच्या अंगठ्याकडे बघत होता. समोरासमोर बसून रोज दोन वेळा जेवत असताना आपल्याला हा अंगठा दिसला कसा नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की धाकटीचा त्याच्यावरचा उरलासुरला राग तिथेच विरघळला.

"आत्या, खरं सांग," तो म्हणाला. "तुला कधी वाईट वाटलं?"

"नाही रे."

"खरं सांग."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. तो पुसायची काही गरज नव्हती.

"एकदाच," ती म्हणाली. "चष्मेवालीच्या आधी त्या खुर्चीवर जी बसायची ना, ठेंगणी, सारखी शिंकायची ती. कामावरून सुटल्यावर ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला भेटायला यायची. तिचं निवृत्तिवेतन यायचं त्याचं पाकीट दाखवायला. पैशाचं नाही, तिला मिळायचे ते चार पैसे, त्यात काय होतंय. पण पाकिटावर तिचं नाव छापलेलं असायचं. पुरं नाव. ती ते पाकीट फाडायची नाही, कडेने कात्रीने नीट कापायची. मला वाटायचं, आपल्याला कुणी असं पुऱ्या नावाने काही पाठवलंय का कधी?" ती हसली. "वेडेपणा झाला. घरात इतकी माणसं असताना पाकीट कशाला हवं. ती गेली आणि मीही विसरले."

अण्णा टेबलावर हात पसरून बसले होते. टेबलाचं लाकूड चाचपत ते आपल्या धाकट्या बहिणीच्या हातापर्यंत पोचले आणि त्यांनी तो धरला. या घरात हात धरण्याची फारशी पद्धत नव्हती, त्यामुळे आत्या जरा अवघडली, पण तिने हात काढून घेतला नाही.

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले.

"बरं," आत्या म्हणाली.

थोरला उठला. खडूच्या चौकोनापर्यंत गेला आणि त्याच्या कडेला उभा राहिला. पाठमोऱ्या त्याच्याकडे बघताना धाकटीला त्याच्या मनातलं जवळजवळ ऐकू येत होतं. छापखानेवाला, नकाशापुस्तकं, दोन मुलांची शाळा, गल्लीतले पाच कारखाने. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर इतका वेळ उभा राहिला नसता. आणि तिला हेही कळत होतं की आज त्याने नाही म्हटलं तरी त्याला कुणी वाईट म्हणू शकणार नाही, कारण कायदा, हिशेब आणि गल्ली, तिघंही त्याच्याच बाजूने उभे होते. आत्याच्या बाजूने फक्त एक कागद होता.

"अण्णा," तो न वळता म्हणाला, "तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

"मी नाही सांगणार. कारखाना तुझा आहे. एकदा मी हिच्या वतीने ठरवलं, तेवढं पुरे झालं."

"यंत्र नाही घेतलं तर नकाशापुस्तकं जातील."

"जातीलही."

"पुढच्या वर्षी हेच पुन्हा बोलायला बसावं लागेल. यंत्र मी सोडलेलं नाही, हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. ते येणार आहे. आज नाही तर उद्या."

"येऊ दे ना," आत्या म्हणाली. "मी कुठे दारात आडवी पडलेय?"

"छापखानेवाल्याशी मी बोलते," वहिनी म्हणाली. "निम्मं काम तरी आपल्याकडे ठेव म्हणून सांगते. यंत्राचं नको, हाताने शिवलेलंच काम हवं असणारी गिऱ्हाइकं आहेत अजून. थोडी आहेत, पण शोधते."

"शोध," थोरला म्हणाला. मग वळला, परत येऊन आपल्या खुर्चीवर बसला आणि त्याने बहिणीपुढे हात केला. "दे तो कागद. आणि पेन दे. सुई नको मला आता, अण्णा, रागवायचं तर रागवा."

अण्णा रागावले नाहीत.

फॉर्म चार पानांचा होता. मालकाने स्वतःच्या हाताने भरायचा असा नियम होता, म्हणून धाकटी रकाने वाचत गेली आणि थोरला लिहीत गेला. कारखान्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक. मग आत्याचं पुरं नाव. त्याने ते सावकाश, सुटं सुटं, शाळेतल्या मुलासारखं लिहिलं.

"कामाचं स्वरूप?"

"शिवण," वहिनी म्हणाली.

"नुसतं शिवण काय?" आत्या म्हणाली. "मुख्य शिवणकाम लिही. त्या सगळ्यांना मीच शिकवलंय."

थोरल्याने 'मुख्य' आधी लिहिलं होतंच, त्याने कागद तिच्याकडे वळवून दाखवलं. आत्याने पदर सारखा केला.

"रुजू झाल्याची तारीख," धाकटी म्हणाली. "ही नक्की लागते. नुसतं महिना-वर्ष नाही चालणार, दिवससुद्धा हवा."

"तो कुणाला आठवणार? टाक काहीतरी."

"मला आठवतो," अण्णा म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. "तेव्हा त्या खिडकीकडच्या खुर्चीवर या दोघांची आई बसायची. दिवस भरत आले होते तरी ऐकायची नाही. सकाळी अकराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. शिवता शिवता पुस्तक अर्धं ठेवलं आणि आम्ही दवाखाना गाठला. ही आली होती ती दोन महिने घर बघायला म्हणून. संध्याकाळी मी बातमी घेऊन परत आलो, तर ही त्या खुर्चीवर. ते अर्धं पुस्तक पुरं केलेलं आणि दुसरं हातात. मी म्हटलं, अगं, मुलगा झाला. ही म्हणते, दोरा संपत आलाय."

"संपत आला होताच," आत्या म्हणाली.

"मग दोन महिन्यांनी आई परत कामाला बसली ना?" धाकटीने विचारलं.

"बसली. पण दुसऱ्या खुर्चीवर. म्हणाली, तिला राहू दे तिथे, ती माझ्यापेक्षा सरळ शिवते."

थोरल्याच्या हातातलं पेन रकान्यावर टेकून तसंच राहिलं होतं. तारीख त्याला कुणी सांगितली नाही आणि त्याने कुणाला विचारली नाही. त्याने दिवस लिहिला, महिना लिहिला, वर्ष लिहिलं. मग बराच वेळ तो त्या आकड्यांकडे बघत राहिला.

"आत्या, ही माझी जन्मतारीख आहे."

"माहितेय की," आत्या म्हणाली. "तूच तर मला कामाला लावलंस." आणि सही कुठे करायची ते तिने धाकटीला विचारलं.